मामाला सांगितलं होतं

आमच्या भागातली पोरं का बिघडतात, या विषयावर मी एकदा भाषण केलं आहे. समाजाच्या वाडीत, म्हणजे सभागृहात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराला. माईकसमोर उभं राहायची मला सवय नव्हती. पण मिलमध्ये कारकुनी केलेला, चार पुस्तकं वाचलेला माणूस म्हणून मलाच पुढे केलं. मी म्हणालो, आपण खानदेशातून पोटासाठी इकडे सुरतेला आलो. आईबाप दोघंही कामाला, घरात लक्ष द्यायला कोणी नाही. ज्या घरात बापच नाही तिथलं तर विचारूच नका. पोरगं रस्त्यावर वाढतं, सोबत खराब मिळते आणि एक दिवस आपल्यातलाच एखादा मुलगा पोलिसांच्या गाडीत बसतो.

नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. गोडादऱ्यात आमच्या लोकांमधला त्या सुमारास एकच मुलगा गाडीत बसला होता. त्याची आई बायकांच्या बाजूला, मागच्या रांगेत होती. टाळ्या वाजल्या. तिचे हात मांडीवर होते, तिथेच राहिले.

त्या भाषणातली प्रत्येक गोष्ट खरी होती आणि भाषण खोटं होतं. हे लिहायला मला बारा-तेरा वर्षं लागली. आता सत्तरी ओलांडली आहे. मुलाच्या घरात वरच्या खोलीत राहतो. खाली त्याच्या एम्ब्रॉयडरीच्या मशीन चालतात, त्या चालू असल्या की माझं टेबल थरथरतं आणि अक्षर वाकडं येतं. पण लिहितो.

तेव्हा माझी नोकरी कडोदऱ्याच्या एका डाइंग मिलच्या गेटवर, हजेरी कारकुनाची. ज्या मुलाबद्दल मी बोललो त्याची आई माझ्या गावची. सख्खी नाही, चुलत नाही, नात्यातलीही नाही. तिच्या बापाचं वावर आमच्या वावराला लागून, एवढंच. पण गावची लेक ती गावातल्या सगळ्यांची बहीण, अशी आमच्याकडची रीत. सुरतेत तिच्या माहेरचा मी एकटाच होतो. तिचा नवरा लूमवर कामाला होता, छातीच्या दुखण्याने गेला. ती घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची, धागा कटिंग म्हणतात ते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडच्या लेकी माहेरी जातात, तशी ती सणाला माझ्या घरी यायची. आमरस-पुरणपोळी खायची, घटकाभर पाय पसरून बसायची आणि संध्याकाळी "चालनू भाऊ" म्हणून दोन गल्ल्या ओलांडून सासरी जायची. मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

तिचा मुलगा मला मामा म्हणायचा. त्याचं ऐकून गल्लीतली बाकीची पोरं म्हणायला लागली. मग त्यांच्या आया. शेवटी कोपऱ्यावरचा गुजराती किराणावालाही "आवो मामा" म्हणायला लागला. मला बाबा म्हणणारा माझा मुलगा तेवढा एकटा उरला. त्याचे मित्र त्याला चिडवायचे, "तेरा बाप तो पूरे मोहल्ले का मामा है."

आता या शब्दाची दुसरी बाजू. घरात आम्ही अहिराणी बोलतो, पण पोरं उंबरा ओलांडला की हिंदी-गुजराती बोलतात, आणि त्या रस्त्याच्या बोलीत मामा म्हणजे पोलीस. एकदा मी भाजीची पिशवी घेऊन येत होतो. एका लहानग्याने मला पाहिलं आणि आनंदाने ओरडला, "मामा आया." कोपऱ्यावर पत्ते कुटत बसलेलं टोळकं पत्ते टाकून पळालं. मी ते गोळा करून ओट्यावर नीट रचून ठेवले. ही गोष्ट गल्लीत कित्येक दिवस सांगितली जात होती. कुणी भेटलं की म्हणायचं, "मामा, आज कितीजण पकडले?" मीही हसायचो.

त्या वर्षी खाडीवरच्या पुलाजवळ एक प्रकार सुरू झाला. लूमच्या कारखान्यांतून कच्च्या कापडाचे ताके, म्हणजे तागे, टेम्पोत भरून आमच्या बाजूच्या मिलमध्ये रंगायला येतात. पुलाच्या चढावर टेम्पो हळू होतो. तेवढ्यात मागून पोरं चढायची, एकदोन ताके खाली ढकलायची आणि मोटारसायकलवरून पसार व्हायची. घेणाराही कोणीतरी होताच, कुठून आणलं असं न विचारणारा. आमच्या गेटवर रोज भांडण. ड्रायव्हर म्हणायचा भरताना पूर्ण होते, मिलवाला म्हणायचा उतरताना कमी आहेत. मी खुर्चीवर बसून ऐकायचो.

एका रविवारी दुपारी तो मुलगा माझ्या ओट्यावर येऊन बसला. पंधरा वर्षांचा. ओठांवर नुकती लव आलेली, शर्ट बापाचा, बाह्या दुमडलेल्या. घरात मी एकटाच होतो. माझी बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती आणि मुलगा बाहेर गेला होता. तो बराच वेळ क्रिकेटबद्दल बोलला. मग चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला,

"मामा, त्या माले टेम्पोवर चढाले सांगतस."

ते मला टेम्पोवर चढायला सांगतात.

"कोण?"

त्याने पलीकडच्या वस्तीतल्या दोन मोठ्या पोरांची नावं सांगितली. अंगाने हलका आहे म्हणून हा त्यांना हवा होता. मी विचारलं, आणखी कोण? त्याने चपलेचा पट्टा नीट केला. मी पुन्हा विचारलं. तेव्हा माझ्या दाराकडे, जिथे माझ्या मुलाच्या चपला असायच्या तिकडे पाहत तो म्हणाला, "दादा बी शे त्यासनासंगे."

दादाही आहे त्यांच्यासोबत. दादा म्हणजे माझा मुलगा. एकोणीस वर्षांचा, आयटीआयच्या शेवटच्या वर्षाला.

मला आठवतं, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं. याच्यावर राग आला. हा का आला सांगायला, असं वाटलं. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून मी म्हणालो, "मी देखसू. तू कोनले सांगू नको." मी बघतो, तू कोणाला सांगू नको. त्याचा चेहरा एकदम सैल झाला. पाणी मागून प्याला. जाताना गल्लीत कुणाचा तरी चेंडू पायाने उडवत गेला.

मी बघतो म्हणालो. काय बघितलं? संध्याकाळी मुलगा जेवायला बसला तेव्हा भाजी वाढता वाढता मी म्हणालो, "पुलाकडे जात जाऊ नको. टेम्पोवाले चिडलेत सध्या." त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तो म्हणाला, "बरं." मी विचारलं, "आणखी पोळी?" तो म्हणाला, "नको."

एवढंच. मला वाटलं, त्याला कळलं आहे, आता तो आपोआप बाजूला होईल. बोललो तर गोष्ट खरी होईल, याची भीती होती. आई नसलेला मुलगा, आयटीआय पूर्ण होत आलेलं, एकदा पोलिसात नाव गेलं की नोकरी कोण देणार? असं सगळं मी मांडून बघितलं. दुसऱ्या पोराचं काय, हे मांडलं नाही.

पुढचं मला त्या मुलाच्या आईकडून कळलं, नंतर पोलीस चौकीला जाताना वाटेत. तिला त्याने सांगितलं होतं. त्या दोघांनी त्याला पुन्हा पुलावर बोलावलं. मी बघतो म्हणालो होतो, म्हणून त्याला जोर आला होता. तो ताठ उभा राहून म्हणाला, "मैं नहीं चढ़ूँगा. मैंने मामा को बोल दिया है."

त्याने खरं तेच सांगितलं होतं. ऐकणाऱ्यांनी काय ऐकलं असेल ते वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. आणि योग असा की त्याच सुमारास कापडवाल्यांनी तक्रार केली होती. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी त्या दोघांपैकी एकाला उचललं, चार थोबाडीत दिल्या आणि पुरावा नाही म्हणून सोडलं. झालं. हा खबरी ठरला. तो सांगत राहिला, मामा म्हणजे आमचा मामा, गल्लीतला. ते हसले. "अच्छा, तेरा रिश्तेदार है पुलिस में?"

माझा मुलगा तिथे उभा होता. मामा म्हणजे माझा बाप, तो मिलमध्ये कारकून आहे, एवढं त्याने म्हणायचं होतं. म्हणाला असता तर दुसरा प्रश्न आला असता, तुझ्या बापाला कळलंय आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस? तो गप्प राहिला. घरी मी गप्प, पुलावर तो गप्प. एकाच घरातली एकच सवय.

खबरी म्हटलेल्या पोराला आमच्या भागात राहणं कठीण. त्याला शाळेच्या वाटेवर अडवायचे, आईला उद्देशून घाण बोलायचे, दारावर दगड यायचे. यातून सुटायचा एकच रस्ता त्याला दाखवण्यात आला. चढून दाखव, म्हणजे तू आपला.

तो दोनदा माझ्याकडे आला होता. एकदा मी मिलमध्ये होतो. एकदा घरी होतो. खिडकीतून त्याला येताना पाहिलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसलो. त्याने "मामा" अशी हाक मारली. पुन्हा मारली. मग गेला.

भरदिवसा, लोक जा-ये करत असताना, तो टेम्पोवर चढला. एक ताका खाली टाकला. ड्रायव्हरने आरशात पाहून ब्रेक मारला आणि क्लीनर धावत मागे येऊन वर चढायला लागला. पोरगं घाबरलं. हातात आलेला दुसरा ताका त्याने त्याच्या अंगावर ढकलला. क्लीनर पाठीवर रस्त्यात पडला. त्याच्या कमरेचं हाड मोडलं. लोकांनी पोराला धरलं, मारलं, पोलिसांच्या ताब्यात दिलं. मोटारसायकल केव्हाच निघून गेली होती.

त्याची आई माझ्याकडे पळत आली. बोटांना धाग्यांची कुसं चिकटलेली तशीच. म्हणाली, "भाऊ, पोऱ्या तुमनाकडे उना व्हता ना? तुम्हाला सांगितलं होतं ना त्याने? साहेबाला तेवढं सांगा."

मी तिच्याबरोबर गेलो. चौकीत बाकावर बसलो. पोरगं भिंतीशी उकिडवं बसलं होतं, डावा डोळा सुजलेला. मला बघून त्याने उठायचा प्रयत्न केला. साहेब वयाने लहान होता, भला वाटला. त्याने मला खुर्ची दिली आणि विचारलं, "काका, छोकरो केवो छे?" मुलगा कसा आहे.

आई माझ्याकडे बघत होती. पोरगं बघत होतं.

मी म्हणालो, "बाप नथी, साहेब. सोबत खराब छे."

साहेबाने मान हलवली. त्याने असं वाक्य खूपदा ऐकलं असणार. "सोबत कोनी?" त्याने विचारलं. कोणाची सोबत?

मी म्हणालो, ते काही मला माहीत नाही.

पोराने डोकं खाली घातलं. त्यानेही नावं सांगितली नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतर बाल न्याय बोर्डासमोरही नाही. घाबरून सांगितली नाहीत असं लोक म्हणतात. मला वाटतं, ज्याला सांगायचं त्याला सांगून झालं होतं, त्याचं काय होतं ते त्याने पाहिलं होतं.

त्याला मुलांच्या निरीक्षणगृहात ठेवलं. काही महिन्यांनी सुटला. शाळा सुटली ती सुटलीच. त्याची आई मला रस्त्यात भेटली तर पदर सारखा करून बाजूने निघून जायची. आखाजी आली, गेली. मी दरवर्षी तिला बोलवायचं ठरवायचो. आणि त्यातच ते भाषण झालं.

मी स्वतःला समजवायचो, कायदा सांगतो लहानपणीचा गुन्हा पुढे धरायचा नाही. पण गल्ली कायदा वाचत नाही. कुणाचा मोबाइल हरवला, सायकल गेली, की नजरा त्याच्या दाराकडे. माझ्या मुलाला मात्र कोणी आई नाही म्हणून बिघडला असं म्हटलं नाही, कारण तो बिघडलेला कोणाला दिसलाच नाही. त्या दिवसानंतर त्याने ती दोघं सोडली. आयटीआय पूर्ण केलं. एक मशीन घेतलं, मग आणखी घेतली. आज तो गणपती मंडळाचा खजिनदार आहे, रक्तदान शिबिर भरवतो, लोक त्याच्याकडे भांडणं मिटवायला येतात. मी त्याच्या घरात राहतो, त्याचं अन्न खातो. तो मला दवाखान्यात नेतो, रांगेत उभा राहतो. चांगला मुलगा आहे. आम्ही दोघांनी त्या विषयावर कधीही एक शब्द काढला नव्हता. बाहेर पडायला दार नाही अशा खोलीत दोघं राहतात आणि दोघंही हवा छान आहे म्हणतात, तसं आमचं चाललं होतं.

गेल्या हिवाळ्यात नंदुरबारकडचे दोन पाहुणे सकाळी आमच्या दाराशी आले. एक मुलीचा बाप, दुसरा त्याचा भाऊ. टेम्पोवर चढलेला तो मुलगा आता सुरतेजवळ इच्छापोरला ठेकेदाराकडे वेल्डिंगचं काम करतो. त्याचं लग्न ठरत होतं. चौकशीला आले होते.

सुनेने चहा ठेवला. माझा मुलगाही खालून वर आला, पाहुणे आले म्हटल्यावर येणारच. मुलीचा बाप सरळ माणूस होता. बशीत चहा ओतत म्हणाला, "मामा, स्थळ पसंत आहे. मुलगा कमावता आहे, व्यसन नाही. पण इथे एकाने कानावर घातलं, लहानपणी आत जाऊन आलाय म्हणे. आम्ही त्याच्या आईलाच विचारलं. ती म्हणाली, खरं आहे. का गेला, ते मामाला विचारा."

इतकी वर्षं ती काही बोलली नव्हती. तिने माझ्याकडे माणसं पाठवली होती.

मुलगा चांगला आहे, एवढं बोलून सुटता आलं असतं. पण चांगला असेल तर आत का गेला, याचं उत्तर त्यात नव्हतं. आणि खरं उत्तर माझ्या शेजारी बसून बिस्किटांची बशी पुढे सरकवत होतं.

मी बोललो. तो माझ्याकडे आला होता. मला त्याने आधीच सांगितलं होतं. मामाला सांगितलं म्हणजे मला सांगितलं, पोलिसांना नाही. मी काही केलं नाही. चौकीत खोटं बोललो. इथवर आलो आणि म्हणालो, "कारण त्या पोरांमध्ये माझा..."

"बाबांचं वय झालं, पाव्हणं," माझा मुलगा म्हणाला. आवाज अगदी मऊ. "जुन्या गोष्टी एकमेकांत मिसळतात त्यांच्या. सकाळी चहा घेतला की नाही तेही मला विचारतात."

सून हसली. तिला काहीच माहीत नव्हतं. मुलीच्या बापाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "राहू द्या मामा. त्रास नका करून घेऊ."

मी म्हणालो, माझं डोकं ठिकाणावर आहे. पण ज्याला आपलं डोकं ठिकाणावर आहे असं सांगावं लागतं, त्याचं कोण ऐकणार? पाहुणे उठले. माझा मुलगा त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मुलगा आला. कामावरचेच कपडे, बाहीवर ठिणग्यांची भोकं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर बसला. माझा मुलगा खाली होता, मशीन चालू होत्या.

"मामा, मी तुम्हाला कधी काही विचारलं?"

"नाही."

"मग कशाला बोललात? आता कुठे लोक विसरायला लागले होते." तो चिडलेला नव्हता, थकलेला होता. "आणि बोललात ते अर्धंच. त्यांचा फोन आला होता. म्हणतात, म्हातारा भ्रमलाय, त्याला तुम्हीच पढवलं असेल. आधी मी फक्त चोर होतो. आता चोर आणि वर खोटारडा."

मी म्हणालो, "मी पुन्हा सांगतो."

"इथे नका सांगू. त्यांच्या घरी चला. दादा नसेल तिथे."

मी माझ्या मुलाला सांगितलं, मुलीकडच्यांच्या गावी जातो, त्याच्याबरोबर. तो हिशेबाच्या खुर्चीत बसला होता. म्हणाला, "गुडघे दुखतात तुमचे."

"हळू हळू जाईन."

"तुम्ही गेलात तर..." त्याने वाक्य पूर्ण केलं नाही. मशीनचा दोरा तुटला म्हणून कारागिराने हाक मारली आणि तो उठून गेला. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बराच वेळ उभा होतो. वर जायचं की बाहेर, हे मला त्या वेळी खरोखर कळत नव्हतं. त्याने बोलणं बंद केलं तर माझं काय होईल, याचाही विचार केला. केला नाही असं लिहिलं तर पुन्हा तेच भाषण होईल.

दोन दिवसांनी आम्ही तिघं एसटीने गेलो. तो मुलगा, त्याची आई आणि मी. आई खिडकीशी बसली, माझ्याशी बोलली नाही, पण गाडी घाटाला लागली तेव्हा पर्समधून लिंबू काढून माझ्या हातात दिलं.

मुलीच्या घरी पडवीत सतरंजी घातली होती. मुलीचा बाप, भाऊ, म्हातारी आई, सगळे. बापाने पाणी दिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मामा, आज कोणता वार?"

मी म्हणालो, "गुरुवार. आणि सकाळी चहा घेतलाय, दोनदा. एकदा घरी, एकदा तुमच्या स्टँडवर, तो पाणचट होता."

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. बापही ओशाळून हसला. मग मी सगळं सांगितलं. ओट्यावरची दुपार, खिडकीतून पाहून आत जाऊन बसलो ते, चौकीतलं वाक्य, वाडीतलं भाषण. माझ्या मुलाचं नाव घेतलं. तो मुलगा अंगणात चपला घालूनच उभा होता, जणू केव्हाही निघायला सांगतील.

बाप बराच वेळ सुपारी कातरत राहिला. तेवढ्यात आतून ती मुलगी उंबऱ्यापर्यंत आली. तिने मला काही विचारलं नाही. त्याला विचारलं, "तो माणूस, जो पडला होता, तो कसा आहे आता?"

तो म्हणाला, "माहीत नाही. दवाखान्यातून गावी नेलं त्याला. सुटल्यावर मी टेम्पो स्टँडवर विचारलं होतं. कुणाला पत्ता माहीत नव्हता."

मी कधी विचारलंही नव्हतं. माझ्या गेटवर रोज तेच ड्रायव्हर येत होते.

मुलगी आत गेली. बाप म्हणाला, "पोराबद्दल आमचं समाधान झालं." मग माझ्याकडे वळून, पण चढ्या आवाजात नाही, म्हणाला, "मामा, तुम्ही मोठे आहात. पण तुमच्यासारख्याच्या शेजारी माझी मुलगी द्यायची, याचाच आता विचार पडतो." म्हातारी त्याला म्हणाली, "पोऱ्याले देवानी शे का मामाले?" मुलाला द्यायची आहे की मामाला? सगळे हसले. तिथे लग्न ठरलं.

घरी आलो तेव्हा दुपार होती. मशीन बंद होत्या, कारागीर जेवायला गेले होते. मुलगा एकटा बसला होता.

"जमलं?"

"जमलं."

"माझं नाव घेतलं?"

"घेतलं."

तो हातातली बॉबिन फिरवत राहिला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "पुलाकडे जाऊ नको म्हणालात ना तुम्ही, तेव्हाच मला कळलं होतं की तुम्हाला माहीत आहे. मी रोज वाट बघायचो. आज विचारतील. मारतील. तुम्ही आणखी पोळी हवी का विचारायचात." त्याने बॉबिन खाली ठेवली. "मला वाटलं, तुम्हाला चालतंय."

दोन पोरं माझ्या घरात होती. एक ओट्यावर येऊन बोललं, एक ताटावर बसून वाट बघत होतं. दोघांनाही मी तेच दिलं. सोबत खराब म्हणतात ती कुठून सुरू होते, हे मी माईकवरून सांगितलं नव्हतं.

मग त्याने विचारलं, "लग्नाला मी येऊ का?"

"ते मी कसं सांगू? त्याला विचार."

"तुम्ही विचारा."

"नाही," मी म्हणालो. "तू विचार."

त्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे. लग्नाची तारीख निघाली आहे. त्याच्या दारात आता मांडवाचे बांबू येऊन पडले आहेत. रोज संध्याकाळी माझा मुलगा चपला घालतो, कोपऱ्यापर्यंत जातो, किराणावाल्याशी काहीतरी बोलतो आणि परत येतो. मी वरून बघतो. अजून त्याने विचारलेलं नाही.